बाण सहज होता

मी काळजी करणारी बाई आहे. घराला कुलूप लावून बसस्टँडपर्यंत गेले की परत येऊन ते ओढून बघते, आणि खरंच ओढून बघितलं की बघितल्यासारखं वाटलं, याची काळजी मंगरूळपीर येईपर्यंत करत बसते. नवरा म्हणतो, तुझ्या डोक्यात काळजीसाठी एक सीट राखीव आहे, ती रिकामी राहिली तर तू रस्त्यावरून कुणालाही उचलून तिथे बसवतेस. त्याचं खरं आहे. पण जिची काळजी खरोखर करायला हवी होती, त्या एका गोष्टीची मी चार वर्षांत एकदाही केली नाही. ती माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात पान एकसष्टवर होती.

कारंज्याच्या एका महाविद्यालयात मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे दरवर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत आणि दर उन्हाळ्यात हे आपलं शेवटचं वर्ष असं वाटणं. त्या वर्षी आमच्या विभागात एक कायम जागा निघाली. जागेला पदवी हवी होती आणि माझी पदवी दाराशी येऊन उभी होती. प्रबंध दोन्ही परीक्षकांकडून पास होऊन आला होता. उरली होती फक्त खुली मौखिक परीक्षा, वीस दिवसांनी, वाशीमच्या संशोधन केंद्रात. त्यानंतर दहा दिवसांनी जागेची मुलाखत. सगळे म्हणत होते, आता काय, झालंच की. सगळे असं म्हणायला लागले की मला जास्त भीती वाटते.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नऊ जण होते. मॉड्यूल थिअरीचा पेपर माझ्याकडे होता, अभ्यासक्रम संपत आला होता, म्हणून एका शुक्रवारी मी त्यांना माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण शिकवायला घेतलं. वीस दिवसांनी मोठ्या माणसांसमोर जे बोलायचं ते आधी लहान माणसांसमोर बोलून बघू, असं मनाला सांगितलं. खरं कारण मिरवणं हेच होतं.

गणित न शिकलेल्यांसाठी एवढंच सांगते. दोन मॉड्यूल घ्या, एम आणि एन. मॉड्यूल म्हणजे अशा वस्तूंचा संच, ज्यांची आपसात बेरीज करता येते आणि ज्यांना एका ठरलेल्या रिंगमधल्या, म्हणजे ठरलेल्या गटातल्या, आकड्यांनी गुणता येतं. एममधल्या प्रत्येक वस्तूला एनमध्ये नेऊन पोचवणारे, आणि नेताना बेरीज-गुणाकार न बिघडवणारे, जितके नियम असतील त्या सगळ्यांचं मिळून आणखी एक मॉड्यूल होतं. त्याला होम म्हणतात. फळ्यावर होम लिहिलं की मुलांना घर आठवतं. मला होमकुंड आठवतं.

दुसऱ्या बाजूला टेन्सर प्रॉडक्ट, चिन्ह वर्तुळात फुली. तिथे नियम नसतात, चिठ्ठ्या असतात असं समजा. एका चिठ्ठीवर दोन गोष्टी: एममधल्या वस्तूला विचारायचा एक प्रश्न, ज्याचं उत्तर आकड्यात येतं, आणि एनमधली एक वस्तू. प्रश्न विचारा, आकडा घ्या, वस्तूला त्या आकड्यानं गुणा. चिठ्ठ्या हव्या तितक्या जोडा, अट एकच, त्या मोजून संपल्या पाहिजेत. अशा चिठ्ठ्यांच्या प्रत्येक जुडीतून एक नियम तयार होतो, म्हणून टेन्सरकडून होमकडे एक बाण काढता येतो. हा बाण काढताना कुणाच्या आवडीनिवडीचा संबंध येत नाही. कारंज्यात काढा नाहीतर कामरगावात, तोच निघतो. म्हणून त्याला नॅचरल म्हणतात. मराठीत मी सहज म्हणते.

त्या शुक्रवारी मी फळ्यावर लिहिलं की हा बाण आयसोमॉर्फिझम आहे. म्हणजे तो वन-वनही आहे आणि ऑन्टूही. वन-वन म्हणजे दोन वेगळ्या जुड्यांतून एकच नियम निघत नाही, ऑन्टू म्हणजे एकही नियम जुडीवाचून राहत नाही. लिहिलं, हातावरचा खडू झटकला आणि पुढच्या ओळीकडे वळले.

मागून आवाज आला, "मॅडम, हे काहून होते?"

ती कारंज्यातल्याच भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी. कॉलेज सुटलं की अब्बांच्या दुकानात बसून भांड्यांवर नावं टाकायची. ती हातात धरायची कुरकुरणारी मशीन घेऊन स्टीलच्या डब्यांवर "मामाकडून सप्रेम भेट" लिहिणं हे तिचं रोजचं काम. अक्षर असं की डब्यावरचं नाव चष्म्याशिवाय वाचता यावं. वर्गात ती आठवड्यातून एखादा प्रश्न विचारायची, आणि तो नेमका तिथे विचारायची जिथे मी डोळे झाकून लिहिलेलं असायचं.

"काहून म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे, चिठ्ठ्या तं मोजक्याच घेता येतात नं. मंग एम लय मोठा असला तं? ज्याले शेवटच नाही असा?" ती उठून उभी राहिली. "आमच्या गल्लीत कंदुरीचं, नवसाचं जेवण असलं का सगळ्याइच्या घरचे भांडे जमा होतात. जेवणं झाले का मी नावं वाचून ज्याचं त्याले वापस देते. आता ज्याचं त्याले वापस, हा एक नियम झाला. पाच घरं असतीन तं पाच चिठ्ठ्यात काम होते. एकेक चिठ्ठी एकेका घराचं इचारते, हे भांडं याचं हाय का. पण घरं संपलेच नाही तं? चिठ्ठ्या मोजक्या, आनं घरं संपूनच नाही राह्यले. मंग हा नियम चिठ्ठ्याइतून कसा निघन?"

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. तिच्याकडे बघताना मला तिच्या ओढणीची किनार तेवढी दिसत होती. घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

"हे सहज आहे," मी म्हणाले. "भांडी दुकानात ठेवून येत जा. घरी करून बघ, येईल."

आता वर्ग मोकळेपणानं हसला. ती बसली. "हो मॅडम," ती म्हणाली. "माह्यंच चुकलं अशीन."

त्या दिवसानंतर ती वर्गात बोलली नाही.

तिचं चुकलेलं नाही हे मला घरी पोचायच्या आतच कळलं होतं. कॉलेज ते घर पंधरा मिनिटं. जैन मंदिरामागच्या वळणापर्यंत मी तिच्याविरुद्ध तीन युक्तिवाद केले आणि तिन्ही हरले. शेवट नसलेली व्हेक्टर स्पेस, म्हणजे सगळ्यांत साध्या जातीचं मॉड्यूल, घ्या, तिचा ज्याचं-त्याला नियम घ्या. मोजक्या चिठ्ठ्यांतून निघालेला नियम मोजक्याच दिशांना पोचतो आणि हा सगळीकडे पोचतो. दोन ओळींचं काम. पहिल्या वर्षाच्या पोराला जमावं असं.

मग मी ते लिहिलंच कसं? परीक्षकांनी वाचलं, माझ्या मार्गदर्शक सरांनी वाचलं, मी स्वतः निदान वीस वेळा वाचलं. मी कपाटाच्या वरच्या खणातून सहा वर्षांपूर्वीची वही काढली. मी विचार मराठीत करते. प्रबंध इंग्रजीत असला तरी कच्चं काम सगळं मराठीत असतं. वहीत एका पानावर अकरा बाणांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एकेक शेरा. ज्या बाणाला कुणाची निवड लागते त्याच्यापुढे "निवडीवर", लागत नाही त्याच्यापुढे "सहज". टेन्सरकडून होमकडे जाणाऱ्या बाणापुढे लिहिलं होतं, सहज. बरोबरच लिहिलं होतं. बाण सहज होता, आजही आहे.

दोन वर्षांनी प्रबंध लिहायला बसले तेव्हा तीच वही उघडली, आणि ती यादी मी सिद्ध करायच्या गोष्टींची यादी समजले. हा बाण आयसोमॉर्फिझम आहे का? पुढे माझंच अक्षर, सहज. म्हणजे सोपं. म्हणजे आपण आधीच करून ठेवलंय, पुन्हा मांडत बसायला नको. मी टाइप केलं, "इट इज ईझी टु सी", आणि पुढे गेले. एका शब्दाचे दोन अर्थ आणि दोन्ही माझेच. कच्चं काम इंग्रजीत करणाऱ्याच्या हातून ही चूक झालीच नसती. एरवी मी मराठीतून गणित शिकवण्यावर तावातावानं बोलते. त्या संध्याकाळी मला माझ्या भाषेचा इतका राग आला की मी ती वही पलंगाखाली सारून दिली.

मग नुकसान किती ते बघायला घेतलं. एम मोजक्या वस्तूंपासून तयार झालेला असेल आणि प्रोजेक्टिव्ह नावाच्या सालस जातीतला असेल, तर बाण आयसोमॉर्फिझम होतो. तेवढी अट घातली की तिसरं प्रकरण बचावत होतं. पण चौथं प्रकरण, ज्याच्यासाठी मला पदवी मिळणार होती, ते अख्खं शेवट नसलेल्या मॉड्यूलांवर उभं होतं.

आठ दिवस मी चौथं प्रकरण वाचवायचा प्रयत्न केला. वरणात दोनदा मीठ पडलं. पोळी तव्यावर करपायची आणि मी वास येतोय कुठून म्हणून खिडकी लावायला जायची. फोन वाजला की वाटायचं विद्यापीठातून आहे, त्यांना कळलं. त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. नवऱ्यानं एकदा विचारलं, "काय झालं तुले? बिमार पडून राह्यली का?" मी म्हटलं, "मौखिकीचं टेन्शन हाय, दुसरं काही नाही." हे अर्धं खोटं बोलतानासुद्धा माझे कान गरम झाले.

नवव्या दिवशी, रविवारी, मी सरांकडे गेले. सर निवृत्त होऊन अनसिंगला राहतात. वाशीमला गाडी बदलून पोचले तेव्हा ते अंगणात ताडपत्रीवर तूर पसरत होते. मी पान एकसष्ट उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि सगळं सांगितलं, वहीतल्या शब्दासकट. सरांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला.

"परीक्षकाइनं पकडलं का?"

"नाही सर."

"मंग पकडलं कोणं?"

"माझ्या एका विद्यार्थिनीनं."

"तिनं कोणाले सांगतलं?"

"कोणालाच नाही. तिला वाटतं तिचंच चुकलं."

सर तुरीतले खडे वेचायला लागले. मूठभर खडे कडेला टाकले. मग म्हणाले, "मंग तं प्रश्नच मिटला. पाह्य पोरी, मौखिक होऊ दे. पदवी घे, जागेवर लाग. मंग आपण सावकाश एक दुरुस्ती छापू कुठंतरी. मी तुले चूक लपव मनून नाही राह्यलो, थोडं थांब मनून राह्यलो. अकरा वर्षं काढले तू. पान एकसष्ट कोण वाचते?"

सर वाईट माणूस नाहीत. माझ्यासाठी त्यांनी किती दारं ठोठावली ते मला माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर मी अनसिंगला सल्ला मागायला गेलेच नव्हते, हेच वाक्य ऐकायला गेले होते. परतताना वाशीमच्या स्टँडवर मला त्या आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली. मी दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले.

पुढच्या गुरुवारी वर्गाची चाचणी होती. प्रश्नपत्रिका मी आधीच काढून दिली होती, आणि त्यात शेवटचा प्रश्न त्याच बाणावर होता. पेपर तपासायला बसले. आठ जणांनी माझीच ओळ लिहिली होती, ईझी टु सी. मी आठही जणांना पूर्ण गुण दिले. दुसरं काय करणार होते? नववा पेपर तिचा. तिनं आधी अर्धं पान भरून उदाहरण दिलं होतं, शेवट नसलेली स्पेस, ज्याचं-त्याला नियम, एकही पायरी न गाळता. मग त्या अर्ध्या पानावर पट्टी ठेवून एक सरळ तिरपी रेघ मारली होती. खाली माझी ओळ होती, माझ्या शब्दांत, तिच्या त्या स्वच्छ अक्षरात.

खोडलेलं तपासायचं नाही, असा नियम आहे. मी तो पेपर गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली घातला आणि गठ्ठ्याला दोरी बांधली.

शनिवारी मी तिच्या दुकानात गेले. कुकरचं रबर घ्यायचं निमित्त केलं. ती आत स्टुलावर बसून एका परातीवर नाव टाकत होती. मला बघून उठली, सलाम केला आणि पुन्हा मशीन चालू केली. तिचे अब्बा रबरांचा डबा उपसून माझ्या कुकरचं माप शोधत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "आमची पोरगी आता परीक्षेनंतर बंद करतो मनते."

"काय बंद करते?"

"गणित. मनते, अब्बा, मॅडम जे सोपं मनतात तेबी मले समजून नाही राह्यलं, मंग अवघड कवा समजन? मी मनलं, अरे बेटा, मॅडमलेच इचार नं. तं मनते, इचारलं होतं."

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. डब्यात डोकं घालून, रबर ताणून बघत बघत ते सांगत होते. आत मशीन कुरकुरत होती. तिथल्या तिथे मला तिला खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तिला सांगितलं असतं तर मग मौखिकीत गप्प बसता आलं नसतं, आणि मला अजून दोन्ही हवं होतं, तिनं गणित सोडू नये हेही आणि जागाही. मी रबर घेऊन आले. ते चुकीच्या मापाचं होतं.

खुल्या मौखिकीला कुणीही येऊ शकतं, कुणीही प्रश्न विचारू शकतं, असं नियमात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून विद्यार्थी नेऊन बसवतात. आमच्या विभागप्रमुखांनी नऊही जणांना सकाळच्या एसटीनं माझ्याबरोबर धाडलं. ती माझ्या दोन सीट पुढे, खिडकीशी बसली होती. कारंजा ते वाशीम मी तिच्या वेणीकडे बघत होते. ती प्रश्न विचारील या विचारानं मला घाम फुटत होता. मंगरूळपीर गेल्यावर दुसराच विचार आला, की ती विचारणार नाही, आणि त्यानं जास्त फुटला.

माझं बोलणं पाऊण तास चाललं. पान एकसष्टची स्लाइड मी इतक्या घाईनं सरकवली की यंत्रानं दोन स्लाइड एकदम सोडल्या. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, आवाज मऊ. त्यांनी दोन सोपे प्रश्न विचारले, माझ्या उत्तरांवर मान डोलावली. पहिल्या रांगेत सर हाताची घडी घालून समाधानानं बसले होते. मग परीक्षक मागे वळून म्हणाले, "सभागृहातून कुणाला काही विचारायचंय का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. मांडीवर मिटलेली वही होती आणि तिच्यावर दोन्ही हात. या खोलीत ज्या एका माणसाला विचारण्यासारखं काही होतं ते असं बसलं होतं, आणि तिला तसं बसायला मी शिकवलं होतं. दुसरं कुणी नाही. मला स्वतःची किळस आली. भीतीही तेवढीच होती, ती काही कुठे गेली नव्हती.

कुणी काही विचारलं नाही. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

"सर," मी म्हणाले, "मला सांगायचंय. पान एकसष्टवर चूक आहे."

आवाज चिरका निघाला. सरांनी डोळे मिटले. परीक्षकांनी पानं उलटली. "कोणती ओळ?"

"ईझी लिहिलंय ती."

ते वाचत राहिले. "चौथ्या प्रकरणाचं काय मग?"

"पडतं, सर."

"तुम्हाला कल्पना आहे ना, हे तुम्ही सांगितल्यावर मला आज सही करता येणार नाही? सहा महिने तरी जातील. तुमची मुलाखत आहे असं मघाशी कुणी म्हणालं."

"आहे, सर. म्हणजे, होती."

त्यांनी टोपण परत लावलं. मी टेबलाला धरून उभी होते. "ही चूक मी शोधलेली नाही," मी म्हणाले. "माझ्या विद्यार्थिनीनं वर्गात दाखवली होती. मी तिला गप्प बसवलं." एवढं म्हणायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

"दाखवा तर फळ्यावर," परीक्षक म्हणाले. "कुठे बिघडतं ते."

मी खडू घेतला. "शेवट नसलेली व्हेक्टर स्पेस घेऊ," मी सुरुवात केली. "एम तीच, एन तीच. इथे हा बाण वन-वन नाही, कारण..." आणि कारण लिहायला लागले. डोक्यात नुसती घरघर होती. दोन ओळी लिहिल्या, तिसरी सुचेना.

मागे खुर्ची सरकली.

"मॅडम." तिचा आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेतून फळ्यापर्यंत येण्याएवढा मोठा होता. "मॅडम, चुकून राह्यलं. वन-वन तं आहे तो. ऑन्टू नाही."

सगळे मागे वळले. मी फळ्याकडे बघितलं. नियम जुडीवाचून राहतात, हे सांगायचं होतं आणि मी जुड्या एकमेकींत मिसळतात असं लिहीत होते. तिचं बरोबर होतं. इतक्या लोकांसमोर, जागा घालवून तीन मिनिटं होत नाहीत तोच, मी पुन्हा चुकले होते.

"हो," मी म्हणाले. "माझंच चुकलं." आणि डस्टरनं दोन्ही ओळी पुसल्या.

ती खाली बसली नाही. तिनं वही उघडली होती. विभागाच्या कपाटात माझ्या प्रबंधाची एक प्रत असते, ती तिनं नेऊन वाचली होती, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, आणि मला काही बोलली नव्हती.

"मॅडम, पान त्र्याऐंशीवरबी एक आहे," ती म्हणाली. "मले वाटे, तेबी माह्यंच चुकून राह्यलं. सांगू का?"

मी खडू तिच्याकडे धरला आणि म्हणाले, "सांग."